दर हजारी एक

मास इफेक्ट या व्हिडिओ गेम मालिकेत क्रोगन नावाच्या जमातीची पोरं जगू न देणारं जेनोफेज नावाचं जैविक शस्त्र आहे. त्यावर आजवर जे काही वाचलं, ते बहुतेक सेनापतीच्या नाहीतर शास्त्रज्ञाच्या खुर्चीत बसून लिहिलेलं होतं. ते वापरायला हवं होतं की नको, क्रोगन मोकाट सुटले असते की नसते, इलाज द्यावा की दाबून ठेवावा. वाद चांगले आहेत, मी ते रात्र रात्र वाचले आहेत. पण हे शस्त्र जिथे रोज चालतं ती जागा म्हणजे बाळंतिणीची खाट, आणि त्या खाटेशेजारी उभं राहून कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी उत्तर गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळात लेबर रूमची स्टाफ नर्स आहे. नोकरीचा बहुतेक काळ तिथेच गेला. म्हणून हे लिहिते आहे.

खेळ मला माझ्या भाच्याने लावला. सोहम फोंड्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा पावसाळ्यात बऱ्याचदा साखळीला माझ्याकडे राहायला यायचा. २०२१ मध्ये तिन्ही भाग एकत्र नव्याने निघाले, तेव्हा त्याने ते माझ्या घरच्या टीव्हीला जोडले. गोळीबार तो करायचा. कोणाशी काय बोलायचं, कोणाला सोडायचं, कोणाला वाचवायचं हे मी सांगायची. पुढे तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि मी पहिल्यापासून सगळं एकटीने पुन्हा खेळले. टुचांकावरचे निर्णय माझे मला घ्यायचे होते.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट अशी. टुचांका हा क्रोगनांचा ग्रह. क्रोगन म्हणजे धिप्पाड, जाड कातडीची, हजार वर्षांहून जास्त जगणारी जमात. त्यांचा ग्रह इतका खडतर की बहुतेक पोरं वाढायच्या आत कोणाच्या तरी तोंडी जायची, म्हणून त्यांची बाई वर्षाला हजारापर्यंत फलित अंडी घालू शकते. पुढे अण्वस्त्रं हाती आल्यावर त्यांनी आपापसात लढून तो ग्रहही जाळून टाकला. तशा अवस्थेत त्यांना शोधून काढलं ते सलॅरियनांनी. सलॅरियन हुशार, झटपट बोलणारे, झटपट विचार करणारे, आणि आयुष्य जेमतेम चाळीस वर्षांचं. त्या काळात आकाशगंगेत रॅक्नाय नावाच्या कीटकांसारख्या जमातीशी युद्ध पेटलेलं होतं. त्यांच्या विषारी ग्रहांवर, त्यांच्या बिळांत उतरणं कोणालाच जमेना. सलॅरियनांनी क्रोगनांना जहाजं दिली, हत्यारं दिली आणि त्या बिळांत सोडलं. इ.स. ३०० पर्यंत रॅक्नाय संपले.

बक्षीस म्हणून क्रोगनांना नवे सुपीक ग्रह मिळाले. तिथे पोरांना खाणारं कोणी नव्हतं. चारशे वर्षांत त्यांची संख्या इतकी वाढली की ते दुसऱ्यांच्या वसाहतींवर हक्क सांगू लागले, आणि ७०० च्या सुमारास उघड युद्ध सुरू झालं. ट्युरियन या लष्करी शिस्तीच्या जमातीने ते अंगावर घेतलं, आणि क्रोगनांनी त्यांच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या. तेव्हा सलॅरियनांनी जेनोफेज तयार केलं. नुसता धाक दाखवायला, असं त्यांचं म्हणणं. ट्युरियनांनी ते सोडलं. प्रत्येक क्रोगनाच्या प्रत्येक पेशीत बदल झाला, म्हणजे एखाद्या अवयवापुरती जनुकं दुरुस्त करून सुटका होऊ नये. त्यानंतर हजार गर्भांमागे एक जिवंत जन्माला येऊ लागला. युद्ध ८०० पर्यंत रेंगाळून संपलं. आपण कमांडर शेपर्ड होऊन खेळात शिरतो ते २१८३ साली, आणि जेनोफेज तेव्हाही चालूच असतं.

आमच्या कामात सगळी मोजदाद दर हजारी असते. बालमृत्यू दर हजारी, नवजात मृत्यू दर हजारी, मृत जन्म दर हजारी. २०१४ मध्ये देशपातळीवर नवजात बालकांसाठी जी कृती योजना आली, तिच्यात मृत जन्मांचं प्रमाण २०३० पर्यंत दर हजारी दहाच्या खाली आणायचं ठरलं. त्या दहांतला प्रत्येक आकडा खाली ओढायला किती हात लागतात ते मी बघितलं आहे. रक्तदाब वाढलेल्या बाईचा दर तासाला रक्तदाब घ्यायचा. साखर तपासायची. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं, नाहीतर पुढचं बाळ धोक्यात येतं. कळा चालू असताना दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकून कागदावर ठिपका मारायचा. ठोके १६० च्या वर गेले, ११० च्या खाली आले की डॉक्टरांना उठवायचं, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. एवढं सगळं करून हजारांतली दहा बाळंही गमवायची नाहीत म्हणून आमची धडपड. आणि त्या गोष्टीत शहाण्या माणसांनी प्रयोगशाळेत बसून हजारांतली नऊशे नव्याण्णव गमावली जातील असा आकडा आखला.

जेनोफेजची बाजू घेणारे एक मुद्दा हटकून मांडतात आणि दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस हा सलॅरियन शास्त्रज्ञ तो स्वतः मांडतो. हे वंध्यत्व नव्हे, तो म्हणतो. आम्ही त्यांना वांझ करू शकलो असतो, केलं नाही. मारू शकलो असतो, मारलं नाही. संख्या पूर्वी निसर्गात जितकी टिकायची तितक्यावर आणून ठेवली. गणित त्याचं बरोबर आहे. वर्षाला हजार अंडी आणि त्यांतलं एक जगणार, म्हणजे जुन्या टुचांकावर जे व्हायचं साधारण तेच.

माझं म्हणणं इथे सुरू होतं. वंध्यत्व नाही, यालाच तो दया समजतो. लेबर रूममध्ये उभं राहिलेल्या माणसाला ते उलटं दिसतं.

पोटात बाळ गेलेली बाई कशी बाळंत होते ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. लोकांना वाटतं ऑपरेशन करून काढत असतील. तसं क्वचितच करतात. गोळ्या देऊन कळा आणायच्या आणि बाईने पूर्ण बाळंतपण सोसायचं, जिवंत बाळाच्या वेळी सोसते तेवढंच, कधी त्याहून लांबलेलं. डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, पोटावर फिरवून झालेला असतो, सोनोग्राफी झालेली असते, तिला सांगितलेलं असतं. तरी शेवटच्या कळेला ती आमच्या तोंडाकडे बघते. मी नोकरीला लागले तेव्हा बाळ लगेच कपड्यात गुंडाळून बाहेर न्यायची पद्धत होती, आईला दाखवायचं नाही, म्हणजे विसरेल. विसरत कोणी नाही. आता आम्ही विचारतो, बाय, बघायचं आहे का. बहुतेक जणी हो म्हणतात. मग बाळ पुसून, टोपी घालून, स्वच्छ दुपट्यात तिच्या हातात द्यायचं आणि घड्याळाकडे न बघता जवळ थांबायचं. केस किती आहेत ते बघतात. बोटं मोजतात.

आणि तिसऱ्या दिवशी दूध येतं. वार पडली की शरीर दुधाच्या तयारीला लागतं, बाळ रडलं की नाही हे त्याला कळत नसतं. छाती दगडासारखी घट्ट होते, ब्लाउज भिजतो. दूध आटवायची गोळी असते, ती वेळेवर दिली तर त्रास कमी. पण ती द्यायला कोणी विसरलं आणि बाईची खाट पोरांच्या रडण्याने भरलेल्या वॉर्डातच राहिली, असं मी एका इस्पितळात वारंवार पाहिलं. वेगळी खोली मागून मागून आम्ही सिस्टरांनी शेवटी कोपऱ्यातली एक खाट पडदा लावून राखून ठेवायला सुरुवात केली. कागदावर ती खाट कुठेच नव्हती.

क्रोगन शरीर वेगळं, हे मला समजतं. पण जेनोफेजची रचना बघा. गर्भ राहतो. पोट वाढतं, वाट बघणं होतं, आशा असते. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून फक्त शेवट काढून घेतलेला आहे. आणि हजारांत एक जगतं, म्हणून थांबताही येत नाही. पुढच्या वेळी होईल, यावर बाई पुन्हा उभी राहते. सत्तरी तालुक्यातल्या गावांतून येणाऱ्या अशा बायका मी पाहिल्या आहेत, तीन वेळा गेलेलं, चौथ्यांदा आलेली, सातेरीला ओटी भरून, उपास धरून, नारळ ठेवून. माणसाच्या बाईला हे आयुष्यात फार तर वीस-पंचवीस वर्षं. क्रोगन बाई हजार वर्षं जगते. चाळीस वर्षं जगणाऱ्यांनी हजार वर्षं जगणाऱ्या बाईसाठी ही शिक्षा आखली. बंड पुरुषांच्या टोळ्यांनी केलं. सरदार पुरुष, सेना पुरुषांची. शस्त्र मात्र प्रत्येक बाईच्या पोटात गेलं, युद्धात असलेल्या आणि नसलेल्याही, आणि युद्ध संपून तेराशेहून जास्त वर्षं झाल्यावर जन्मलेल्या मुलीच्याही.

खेळात याचे पुढचे परिणाम सांगितले आहेत ते अगदी पटण्यासारखे आहेत. ज्या मोजक्या बायकांना मूल होतं त्यांच्यावरून टोळ्या लढतात, त्यांना पळवतात, त्यांचा सौदा करतात. बायका वेगळ्या छावणीत राहू लागतात. पुरुष भाड्याने लढायला जातात, कारण घरी कोणासाठी कमवायचं? रेक्स हा क्रोगन पहिल्या भागात आपल्या जहाजावर असतो. त्याने तरुणपणी टोळीला सांगून बघितलं होतं की एक पिढी युद्ध थांबवू आणि वंश वाढवण्याकडे लक्ष देऊ. त्याच्या बापाला ते मान्य नव्हतं. तहाच्या बोलण्यासाठी म्हणून पूर्वजांच्या जागी बोलावून बापाने त्याच्यावर हल्ला केला. संख्या कमी करायला काढलेल्या शस्त्राने क्रोगन शांत झाले नाहीत, उद्याची फिकीर उरली नाही म्हणून अधिक हिंसक झाले.

सोहमचा आणि माझा सगळ्यात मोठा वाद यावर मोरजीच्या किनाऱ्यावर झाला. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. वन खातं घरट्यांभोवती कुंपण घालतं, माणसं पहाऱ्याला बसतात. एका घरट्यात शंभरावर अंडी. बाहेर पडलेल्या पिल्लांपैकी साधारण हजारांत एक मोठं होतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. पाटी वाचून सोहम म्हणाला, "मावशे, हे बघ तुझं जेनोफेज. एक इन थाउजंड. कासवीण रडते?"

मुद्दा सोपा नव्हता आणि मी तो टाळलाही नाही. कासवीण अंडी पुरून समुद्रात परत जाते, मागे बघत नाही, तिला कळणारही नाही. क्रोगन बाईला कळतं. पण समजा क्रोगन बाईलाही कळत नसतं, तरी मला दोन गोष्टी एक वाटल्या नसत्या. पिल्लू वाळूतून बाहेर येतं, धावतं, कावळा उचलतो किंवा मासा गिळतो. त्याला धावायला मिळतं. आणि कावळ्याने कासवांची संख्या किती असावी हे बसून ठरवलेलं नसतं. पूर्वी टुचांकावरही पोरं श्वापदांनी खाल्लीच की, पण त्या श्वापदांशी लढता येत होतं, भिंत बांधता येत होती, पोर पाठीशी घालता येत होतं. जेनोफेजशी आईने कशाने लढायचं? सोहम म्हणाला, "पण आकडा तोच." मी म्हटलं, आमच्या रजिस्टरात मलेरियाने गेलेला आणि कोणी विष घालून मारलेला एकाच रकान्यात लिहीत नाहीत रे. तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं, ते दिसत होतं.

हे सगळं काल्पनिक आहे म्हणून सोडून द्यावं असं मला वाटलं असतं, पण याच्या अगदी जवळ जाणारं काम माणसांनी केलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीने १९८१ मध्ये प्रोजेक्ट कोस्ट नावाने रासायनिक आणि जैविक शस्त्रांचा गुप्त कार्यक्रम सुरू केला. राजवट गेल्यावर, १९९८ मध्ये, सत्य आणि समेट आयोगापुढे त्यातल्या एका प्रयोगशाळेच्या माजी संचालकाने साक्ष दिली की काळ्या लोकांची जननक्षमता कमी करणारी लस शोधायचं काम तिथे चाललं होतं. ती लस तयार झाली नाही. पण कल्पना तीच होती, एका समाजाची संख्या त्याच्या बायकांच्या शरीरातून आटोक्यात ठेवायची. आणि प्रयोगशाळाच कशाला लागते? आपल्याकडे आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या किती मर्जीने झाल्या हे त्या काळातल्या माणसांना विचारा.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथे उंदरांचा सुळसुळाट होतो, पिकं खातात. त्यांना न मारता त्यांची पैदास थांबवावी म्हणून कॅनबेरातले शास्त्रज्ञ एका विषाणूवर काम करत होते. उंदरांना होणारा देवीसारखा रोग असतो, त्याचा विषाणू घेऊन त्यात असा बदल करायचा की मादीचं शरीर स्वतःच्याच बीजांडाविरुद्ध लढू लागेल. परिणाम वाढवायला त्यांनी रोगप्रतिकाराशी संबंधित आणखी एक जनुक त्यात घातलं. उंदीर वांझ व्हायच्या ऐवजी मेले. मूळ विषाणूला सहज तोंड देणाऱ्या जातीचे मेले, लस दिलेल्यांतलेही बरेच मेले. २००१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. हे वाचल्यापासून खेळातलं ते वाक्य, फक्त धाक दाखवायला बनवलं होतं हे, माझ्याने ऐकवत नाही. एकदा बाटलीत भरलेली वस्तू काय करील आणि कोणाच्या हाती जाईल, यातलं काहीच बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही. जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ मध्ये लागू झाला, भारतही त्यात आहे. पण देशोदेशी जाऊन प्रयोगशाळा तपासायची कुठलीही यंत्रणा त्या करारात नाही.

मॉर्डिनकडे येते. हा माणूस (माणूसच म्हणते) मला मालिकेतला सगळ्यात जवळचा वाटतो. आपण त्याला भेटतो तेव्हा तो ओमेगा नावाच्या गुंडांच्या अड्ड्यावर गरिबांचा दवाखाना चालवत असतो, साथ पसरलेली असते आणि तो एका दमात रोगी तपासतो, औषध सांगतो, बंदूकही रोखतो. असे डॉक्टर मी पाहिले आहेत, बंदूक सोडून. नंतर कळतं की क्रोगनांची शरीरं जेनोफेजला सरावू लागली होती, जन्मदर हळूहळू वर येत होता, आणि ते शस्त्र पुन्हा पहिल्याइतकं धारदार करणाऱ्या तुकडीचा प्रमुख हाच होता. ही शरीरं सरावण्याची गोष्ट अगदी खरी आहे. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियाने सशांवर मिक्सोमा विषाणू सोडला, सुरुवातीला जवळजवळ सगळे ससे मरत होते, आणि काही वर्षांतच विषाणू सौम्य आणि ससे चिवट होत गेले. निसर्ग वाट काढतो. क्रोगन बायकांच्या शरीरांनी हजारावर वर्षांत वाट काढली होती आणि मॉर्डिनने येऊन ती बुजवली.

त्याचाच शिष्य मेलॉन, त्याच तुकडीतला, पुढे अपराधाने पोखरून निघतो आणि टुचांकाला जाऊन इलाज शोधू लागतो. शोधतो कसा, तर जिवंत क्रोगनांवर आणि माणसांवर प्रयोग करून. त्या मोडक्या इस्पितळात एका क्रोगन बाईचं प्रेत पडलेलं असतं. ती आपण होऊन आलेली असते, इलाज सापडावा म्हणून. मॉर्डिन तिच्याजवळ उभा राहतो. तोवर सिम्युलेशन आणि टक्केवारी बोलणारा हा इसम तिथे अडखळतो. मला तो प्रसंग संपूर्ण मालिकेत सगळ्यात खरा वाटतो, कारण पहिल्यांदाच त्याच्या आकड्यातली एक जण त्याच्या समोर असते, आणि तीही आशेनेच मेलेली.

मग प्रश्न येतो, मेलॉनने जमवलेली माहिती ठेवायची की नष्ट करायची. सोहमने पहिल्या खेपेला नष्ट केली. छळातून आलेली माहिती वापरणं म्हणजे छळाला मान्यता देणं, असं तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात वजन आहे. आम्हाला नर्सिंगमध्ये संमतीबद्दल शिकवतात तेव्हा नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेपासूनच सुरुवात होते. मेलॉनला मी कधीच माफ केलं नसतं. पण ती माहिती मी ठेवली. ती बाई ज्यासाठी आली होती ते त्या कागदांत होतं. ते जाळून तिला काय परत मिळणार होतं? स्वच्छ राहिले असते ते माझे हात. तिसऱ्या भागात कळतं की त्या प्रयोगांतून वाचलेली एक बाई त्या माहितीमुळेच जगते, माहिती नष्ट केली असेल तर मरते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसतानाही माझा निर्णय तोच होता, हे नोंदवून ठेवते.

ती बाई म्हणजे बकारा. सुरुवातीला तिला सगळे ईव्ह म्हणतात, मॉर्डिनने ठेवलेलं नाव. दोन भाग जेनोफेजबद्दल पुरुष बोलत राहिले. रेक्स, मॉर्डिन, सलॅरियन कप्तान, ट्युरियन सेनापती. दुसऱ्या भागात टुचांकावर इतका वेळ घालवूनही बायकांची छावणी आपल्याला दिसत नाही. तिसऱ्या भागात शेवटी एक क्रोगन बाई समोर बसून बोलते, आणि ती सूडाचं बोलत नाही. पुरुषांना आवरावं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक असतं आणि ती ते स्पष्ट सांगते. रेक्स आणि ती दोघं असतील तर क्रोगनांचं पुढचं भविष्य वेगळं असू शकतं हे तिच्याशी बोलताना कळतं. इलाज योग्य की अयोग्य यावर जी मतं मी वाचली त्यांत तिचं बोलणं फार कमी जणांनी जमेस धरलेलं दिसलं.

शेवटी इलाज वातावरणात सोडायचा असतो तो श्राउड नावाच्या बुरुजावरून. अणुयुद्धानंतर टुचांकाचं आकाश सावरायला सलॅरियनांनी तो बांधला होता आणि त्याच बुरुजातून जेनोफेज पसरवलं गेलं होतं. वर जाऊन बिघाड दुरुस्त करणारा परत येणार नाही हे उघड असतं. मॉर्डिन जातो. त्याआधी सलॅरियनांची पुढारीण, डॅलट्रास लिनरॉन, शेपर्डला खासगीत सौदा सांगते: इलाज निकामी राहू दे, क्रोगनांना कळणार नाही, बदल्यात आमची मदत घे. खेळ तुम्हाला खरोखर ते करू देतो. मॉर्डिन ऐकत नसेल तर त्याला पाठीत गोळी घालावी लागते. मी तो शेवट कधीच खेळले नाही आणि खेळणार नाही. त्यासाठी त्या ग्रहावरच्या प्रत्येक गरोदर बाईला तोंडावर खोटं सांगावं लागतं, की आता तुझं बाळ जगेल.

सोहमची आणि माझी अजून जुंपते ती एका वेगळ्या वाटेवरून. त्याच्या त्या खेळात रेक्स पहिल्याच भागात मारला गेला होता, माहिती जाळल्यामुळे बकारा मरणार होती, आणि क्रोगनांचा पुढारी होता रीव्ह, ज्याला बदल्याशिवाय काही सुचत नाही. अशा वेळी मॉर्डिनची समजूत घालता येते, की आत्ता नको. तो मागे फिरतो, जगतो. सोहम म्हणतो, "इथे तरी मान मावशे, इथे इलाज देणं म्हणजे हजार वर्षांपूर्वीचं युद्ध परत बोलावणं." रीव्ह भयंकर आहे हे मला मान्य. तो सत्तेवर असताना पुढे युद्ध होऊ शकतं हेही मान्य. तरी माझं उत्तर बदलत नाही. रीव्हशी लढायचं तर रीव्हशी लढा, सैन्य आहे, तह आहेत, सीमा आहेत, पुढारी बदलतात. आज जन्मलेल्या क्रोगन मुलीने रीव्हला निवडलेलं नाही, त्याच्यासाठी तिच्या पोटातली हजारांतली नऊशे नव्याण्णव का जावीत? तो म्हणतो मी भावनेने बोलते. मी म्हणते, तो आकड्याने बोलतो, आणि त्या आकड्यात एक बाळंतपण किती तासांचं असतं ते लिहिलेलं नाही. या चतुर्थीला तो येईल तेव्हा माझ्या खेळातल्या त्याच जागेपासून त्याने पुढे खेळून बघावं, असं आमचं ठरलं आहे. बंदूक त्याच्याकडे, बोलणं माझ्याकडे.